भिंतीवर उरलेली जागा

मी रंगवतो बियाण्यांच्या जाहिराती, सरपंचांची नावं,
शाळेच्या भिंतीवर पाढे.
चर्चचं काम पहिलंच.
फादर तुस्कानो वसईचे,
वऱ्हाडी ऐकताना अजून मान तिरपी करतात.
त्यांनी वहीचा कागद दिला:
रोमच्या धर्मगुरूंच्या पदव्या,
वरून खाली, ह्याच क्रमानं.

उकंडा कोतवालानं शिडी धरली.
कागद ऐकून म्हणाला,
"बाप्पा! एका माणसाले एवढी नावं?"
फादर हसले. म्हणाले, तुझ्या तोंडून आत्ता निघाली
तीच जवळजवळ सगळ्यात जुनी.
ग्रीक लेकरं बापाला तशीच हाक मारायची.
आधी कितीतरी बिशप पापा होते,
पुढं हाक एकट्याकडे राहिली.

रोमचा बिशप.
ही ओळ मी हातभर उंच काढली,
लाल, तिला काळी सावली,
कापसाच्या वाणाचं नाव काढतो तशी.
येशू ख्रिस्ताचा प्रतिनिधी.
आधी पेत्राचा प्रतिनिधी म्हणायचे,
मग केव्हातरी मधला माणूस गाळला.
प्रेषितांच्या प्रमुखाचा वारस.
"वारस म्हंजे फेरफार आला," उकंडा म्हणाला.
चाळीस वर्षं तलाठ्याचं दप्तर वाहिलेला माणूस.
सर्वोच्च पोंटिफ.
फादरना मराठी शब्द सापडला नव्हता.
पश्चिमेचा कुलपिता, हे कागदावर
खोडून पुन्हा लिहिलेलं.
एका वर्षी ही पदवी कमी केली,
अठरा वर्षांनी परत लावली.
"सातबाऱ्यावर असंच होते.
नाव जाते, वावर तिथंच राह्यते."

दुपारी निंबाखाली भाकर सोडली.
उकंडा परत चौथ्या ओळीवर आला.
"पोंटिफ म्हंजे?"
पूल बांधणारा, फादर म्हणाले, असं म्हणतात, खात्री नाही.
आधी रोमच्या देवळातले पुजारी,
मग बादशहा स्वतःला म्हणवून घ्यायचे.
एका बादशहानं तो झगा नाकारला.
नाव पडून राहिलं.
खूप उशिरा ह्यांनी उचललं.

उकंडा आंबाडीची भाजी बोटानं सारत बसला.
"म्या त रपट्यावर लोकायले थांबवाचंच काम केलं.
नाला चढला का लाल फडकं घेऊन उभा.
जाऊ नका, जाऊ नका.
एकाले नाही थांबवता आलं."
कोणाला, ते त्यानं सांगितलं नाही.
फादरनीही विचारलं नाही.
पाण्याची बाटली त्याच्याकडे सरकवली.

ऊन उतरेपर्यंत इटली झाली, व्हॅटिकनचं राज्य झालं,
आणि माझ्या ध्यानात आलं,
वरची अक्षरं मी फार मोठी काढली.
शेवटच्या ओळीला चार बोटं जागा.

देवाच्या सेवकांचा सेवक.

हे कसं आलं, फादर सांगत होते:
पूर्वेच्या एका धर्मगुरूनं
साऱ्या जगाएवढं नाव घेतलं,
तेव्हा रोमच्यानं हे लहान नाव पुढं केलं.
"म्हंजे भांडणच," उकंडा म्हणाला.
भांडणच, फादर म्हणाले, थोडंसं.

"माह्या आंधी तीन लेकरं गेली.
मायनं मले उकिरड्यावर ठेवलं,
शेजारणीनं सुपात उचलून आणलं.
मरणाले वाटावं, कचराच हाय.
म्या काही नाव घेतलं नाही, बावा.
मले देल्लं."

मी बारीक ब्रश काढला.
सावली नाही, लाल नाही,
उरलेला काळा, तोही पातळ.
फादर खाली बसून वाचू लागले,
आणि म्हणाले, ही जरा मोठी नाही होणार?
होईल, म्हटलं, पण भिंत सगळी पांढरी करावी लागेल,
चुन्याचे पैसे वेगळे.

"राहू द्या," उकंडा म्हणाला,
"थे कोंबड्या वाचतीन."
आणि शिडी माझ्या खांद्यावर देऊन
घंटा वाजवायला गेला.